पेल्याची परीक्षा

नवी गाडी फाटकातून आत आली तेव्हा वस्ताद जुन्या गाडीखाली उताणे पडून तिच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस भरत होते. अकरा वर्षं जिची वाट पाहिली, तिचं पहिलं दर्शन झालं ते फक्त चार चाकांचं. पण चाकंच अशी रुंद आणि खोल खाचांची होती की वस्ताद ग्रीसचा डबा उघडा टाकून बाहेर आले, हात पुसायचंही विसरले, आणि तिच्या पांढऱ्याशुभ्र दारावर पाच काळी बोटं उमटवून बसले.

"घ्या, सही झाली वस्तादांची," चेला म्हणाला.

हा चेला म्हणजे कुणी पोरसवदा नव्हे. पंचेचाळिशी उलटलेला, दोन मुलांचा बाप. पण वस्तादांनी हाताखाली घेऊन शिकवलेला पहिला ड्रायव्हर तो, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच.

इस्पितळाच्या मागे पत्र्याची लांब शेड होती आणि तिच्यात तीन रुग्णवाहिका उभ्या असत. डोंगरावरच्या बारा वस्त्यांतून आजारी, जखमी, अडलेली माणसं खाली आणायची, हे काम. जुन्या गाड्या डांबरी रस्त्यावर बऱ्या. ओढ्याच्या पात्रातला दगडगोट्यांचा चढ समोर आला की त्यांचं अवसान गळायचं. मग लांबचा वळसा, आणि वळशाचा दीड तास जास्त. अकरा वर्षांपूर्वी एका कंपनीने डोंगरात चालणाऱ्या एसयूव्हीचं चित्र छापलं होतं. चारही चाकांना ताकद, कमरेइतक्या पाण्यातून जाणारी, मागे स्ट्रेचर बसेल अशी. वस्तादांनी ते चित्र कापून शेडच्या भिंतीवर चिकटवलं आणि इस्पितळाच्या साहेबांकडे पहिला अर्ज दिला. त्यानंतर कंपनीने गाडी पुढे ढकलली, मग नमुनाच बदलला, मग मंजुरी अडली. सगळं भिजत घोंगडं. वस्ताद मात्र दर वर्षी नेमाने नवा अर्ज लिहीत राहिले. चित्राचा रंग उडाला, वस्तादांचे केस गेले, आणि घरी बायको म्हणू लागली, "माझी सवत यायची यायची म्हणता म्हणता म्हातारे झालात हो."

आणि आता ती आली, तर वस्तादांच्या निवृत्तीला उरले होते चाळीस दिवस. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं.

तरीही तिला घ्यायचं की नाही हे ठरणार होतं वस्तादांच्याच शब्दावर. कंपनीने एक गाडी चालवून बघायला पाठवली होती, सोबत आपला इंजिनिअर. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की डोंगरात गाडी हाकणाऱ्या माणसाचा लेखी अभिप्राय जोडल्याशिवाय कागद वर जाणार नाही. वस्तादांनी 'योग्य' लिहिलं की महिन्याभरात अशा तीन गाड्या शेडमध्ये उभ्या राहणार, आणि शेवटचे दहा दिवस का होईना, ती त्यांच्या हाताखाली चालणार.

"पेला आणा," वस्ताद म्हणाले.

पेल्याबद्दल सांगायला हवं, कारण त्या डेपोत गाडीच्या लायसनपेक्षा पेल्याला मान होता. वस्तादांनी सव्वीस वर्षांपूर्वी काढलेली ही परीक्षा. डॅशबोर्डवर लाकडाची एक खोबण, तिच्यात घडी केलेला रुमाल, आणि रुमालावर दोन बोटं कमी भरलेला पितळी पेला. सगळ्यात वरच्या वस्तीपासून डेपोपर्यंत गाडी आणायची. रुमाल कोरडा राहिला तर ड्रायव्हर पास. ओला झाला तर पुन्हा महिनाभर डांबरी रस्त्यावर. बावीस ड्रायव्हर या पेल्याने पास केले होते. शहरातून मोठे डॉक्टर आले की साहेब त्यांना इस्पितळातल्या यंत्रांच्या आधी हा पेला दाखवत. मागे पेशंट असला तरी पेला पुढे असायचाच. वस्तादांचं म्हणणं असं की हातच्या काकणाला आरसा कशाला, पाणी सांगतं ना पेशंट कसा चाललाय ते.

दुसरा धडा काचेचा. ड्रायव्हर आणि पेशंट यांच्या मधे जाड काच होती आणि इंजिनाच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नसे. म्हणून नियम एकच: मागून काच वाजली की पेशंट खालावला, गाडी सुसाट सोडायची. का वाजवली हे विचारण्यात वेळ घालवायचा नाही.

या दोन धड्यांवर वस्तादांचं आयुष्य नीट चाललं होतं. एक सल सोडला तर.

पाच वर्षांपूर्वी त्यांची बायको माहेरी गेली होती, वरच्याच एका वस्तीत, आणि तिथे पायरीवरून पडली. तिथल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने खुबा चाचपून सांगितलं, हाड जागेवर वाटतंय, फक्त हलू देऊ नका. वस्ताद स्वतः गाडी घेऊन गेले. सिस्टर त्या दिवशी रजेवर होत्या, म्हणून सोबतीला एक शेजारीण मागे बसली. ओढ्याचा चढ गाडीच्या आवाक्याबाहेर, म्हणून वळसा घ्यावा लागला. अर्ध्या वाटेत मागून काच वाजली. एकदा, दोनदा, मग सारखी. वस्तादांनी नियमाप्रमाणे गाडी सुसाट सोडली. खाली पोचल्यावर सर्जन म्हणाले, हाड जागेवरून सरकलंय. ऑपरेशन झालं, पण पाय दीड इंच आखूड पडला तो कायमचाच. वस्तादांनी एकच हिशेब मनाशी धरला: उशीर झाला. ओढ्यातून चढणारी गाडी असती तर दीड तास वाचला असता आणि ही आज सरळ चालली असती. त्यानंतरचे पाच अर्ज त्यांनी त्या दीड इंचासाठीच लिहिले होते, जरी त्यांत लिहिलेलं असायचं, 'रुग्णांच्या सोयीसाठी'.

तर पेला आला, खोबणीत बसला. वस्तादांच्या शेजारी साहेब आणि इंजिनिअर बसले. मागे रिकाम्या स्ट्रेचरजवळच्या बाकावर सिस्टर. गेली वीस वर्षं त्यांची जागा तीच होती.

आणि काय सांगावं त्या गाडीचं!  क्लच लोण्यात पाय ठेवावा तसा. स्टीअरिंगला एका बोटाची भाषा कळत होती. ओढ्याच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली, जड चढाचा छोटा दांडा मागे ओढला, आणि ज्या दगडांनी सदतीस वर्षं त्यांना हात हलवत परत पाठवलं होतं त्या दगडांवर पुढचं चाक ठेवलं. गाडीने जराशी मान वर केली. एक चाक हवेत, तीन जमिनीवर; इंजिन नुसतं घुमत राहिलं, ओरडलं नाही. पेल्यातलं पाणी तिरकं होऊन काठाला टेकलं आणि परत जागेवर गेलं. मग दुसरा दगड, तिसरा, डबकं, डबक्यापलीकडचा घसरडा चढ. वर पोचल्यावर वस्तादांनी घड्याळ पाहिलं. अठरा मिनिटं.

"वस्ताद, डोळ्यांत काय गेलं?" साहेबांनी विचारलं.

"धूळ," वस्ताद म्हणाले. काचा बंद होत्या.

उतरतानाही तेच. रुमाल कोरडा ठणठणीत. डेपोत येऊन थांबल्या थांबल्या साहेबांनी बॉनेटवर अभिप्रायाचा कागद पसरला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. वस्ताद पहिल्या रकान्यात 'उत्तम' लिहून दुसऱ्याकडे वळले, तेवढ्यात मागचं दार उघडून सिस्टर खाली उतरल्या. चेहरा पांढराफटक. त्यांनी शेडच्या खांबाला हात लावून दोन श्वास घेतले.

"वस्ताद, सही करायच्या आधी एकदा तुम्ही मागे झोपा."

"मी?"

"हो. चेला चालवेल. पट्टे मी बांधते."

चेला हसला. "सिस्टर, तुमचं आपलं नेहमीचंच. जुन्या गाडीतही म्हणायचात, मागे हाडं खिळखिळी होतात म्हणून. वस्तादांनी तेव्हाच सांगितलं होतं, जरा वजन वाढवा."

हे खरं होतं. वस्ताद तसं म्हणाले होते, एकदा नव्हे, वीस वर्षांत वीस वेळा, आणि सगळा डेपो हसला होता. आज सिस्टर हसल्या नाहीत आणि वाद घालायलाही थांबल्या नाहीत. नुसतं दार धरून उभ्या राहिल्या. बाईमाणसाचं मन मोडू नये एवढ्याचसाठी वस्ताद आत गेले आणि डोकं ड्रायव्हरकडे, पाय दाराकडे, असे आडवे झाले. सिस्टरनी छातीवर, कमरेवर, गुडघ्यांवर पट्टे आवळले. सदतीस वर्षांत रुग्णवाहिकेच्या मागच्या भागात ते प्रथमच झोपत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

डांबरावर ठीक होतं. वर पांढरं छत, छतात एक गोल दिवा, दिव्याचे चार स्क्रू. मग ओढा आला.

पहिला दगड आला तो न सांगता आला. स्टीअरिंगमागे बसलेल्या माणसाला खड्डा आधी डोळ्यांना दिसतो, मग हातांना कळतो, आणि अंग आपसूक सावरून बसतं. इथे छत दिसत होतं. गाडीचा मागचा भाग वर उडाला, वस्ताद पट्ट्यांत लटकले, आणि मग पाठीखालचं स्ट्रेचर खालून येऊन आदळलं. दात दातांवर बसले. सावरेपर्यंत दुसरा. चालकाची जागा गाडीच्या मधोमध, स्ट्रेचर पार मागच्या चाकांवर. झोपाळ्याच्या खांबाजवळ बसलेल्याला काय कळणार की टोकावरचा कुठे फेकला जातोय! सिस्टर एका हाताने छताची दांडी आणि दुसऱ्याने वस्तादांचा खांदा धरून होत्या. वस्तादांची सगळी हाडं जागेवर होती, तरी चौथ्या दगडाला ते ओरडले, "सावकाश!"

पुढे काहीच ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग हात डोक्यामागे नेला आणि काच वाजवली. एकदा, दोनदा.

गाडीने वेग घेतला.

वस्तादांनी काच सारखी वाजवायला सुरुवात केली आणि त्या प्रत्येक टकटकीला गाडी जास्तच धावत सुटली, कारण चेल्याला तसंच शिकवलेलं होतं, आणि शिकवणारा मागे पट्ट्यांत बांधलेला होता. त्यांचा हात काचेवरच थांबला. त्यांना ऐकू आली ती पाच वर्षांपूर्वीची टकटक. तेव्हा तर सिस्टर नव्हत्या, म्हणजे काच वाजवणारी नर्स नव्हतीच. ते हाडाला चीर गेलेलं माणूस होतं, आणि ते घाई करा म्हणत नव्हतं.

"सिस्टर," ते म्हणाले, "ती त्या दिवशी..."  सिस्टरनी खांद्यावरचा हात काढला नाही.

डेपोत परतल्यावर चेला उडी मारून उतरला. "वस्ताद, टकटक ऐकली आणि सोडलीच गाडी! सोळा मिनिटं! आणि हे बघा." त्याने पेला पुढे केला. थेंब सांडला नव्हता.

वस्ताद स्ट्रेचरच्या कडेवर बसून राहिले. चेल्याला रागवावं असं त्याने काहीच केलं नव्हतं. शिकवल्याबरहुकूम सगळं बिनचूक केलं होतं.

इंजिनिअर भला माणूस होता, त्याने लपवाछपवी केली नाही. मागच्या स्प्रिंगा भरपूर वजनासाठी बनवल्यात, तो म्हणाला. माल भरला की गाडी मऊ बसते. एक पेशंट आणि एक नर्स म्हणजे तिला रिकाम्यासारखंच, म्हणून उडते. स्प्रिंगा बदलता येतील, स्ट्रेचर दीड हात पुढे घेता येईल, पण मग नवी चाचणी, नवी मंजुरी. आठ महिने तरी.

"आठ महिने!" साहेब म्हणाले. "वस्ताद, अकरा वर्षं थांबलोय आपण. आत्ता आहे तशी घेऊ, स्प्रिंगांचं मागून बघू. एकदा लाल शेरा पडला की कागद पुन्हा तळाशी जातो, तुम्हाला ठाऊक आहे. करा सही."

साहेबांचंही खोटं नव्हतं. वस्तादांनी कागदाची घडी केली. "उद्या सकाळी देतो."

घरी बायको ओट्याशी भाजी चिरत बसली होती. जास्त वेळ उभं राहता येत नाही म्हणून वस्तादांनीच तिला उंच स्टूल करून दिलं होतं, एक पाय टेकायला खाली फळी ठोकून. फळी दीड इंच उंच.

"आली का सवत?" तिने मान न वळवता विचारलं. "कशी आहे?"

"देखणी आहे."

"मग तोंड का असं?"

वस्ताद दारातच उभे राहिले. "त्या दिवशी काच का वाजवलीस?"

सुरी थांबली. कुठल्या दिवशी, असं तिने विचारलं नाही.

"सावकाश चालवा म्हणून," ती म्हणाली.

"मग पाच वर्षांत बोलली का नाहीस?"

"बोलून पाय लांब होणार होता का?" तिने चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. "आणि तुम्ही खाली उतरल्या उतरल्या काय केलंत, आठवतं? दार उघडलंत आणि मला पेला दाखवलात. घामाने निथळत होतात, आणि म्हणालात, बघ, थेंब सांडू दिला नाही तुझ्यासाठी. त्या माणसाला काय सांगायचं होतं मी?"

वस्ताद खाली बसले, तिच्या स्टुलाजवळ जमिनीवरच. ते रडले. आवाज न करता, पण चांगलेच रडले. बायकोने ओला हात पदराला पुसून त्यांच्या टकलावर ठेवला आणि ठेवूनच दिला.

"माझा राग आला असेल तुला," ते शेवटी म्हणाले.

"आला ना. पहिलं वर्षभर रोज यायचा. मग कंटाळा आला." तिने विचारलं, "मला सांगा, या नव्या गाडीत मी झोपले असते तर?"

"झोपू दिलं नसतं मी तुला."

"मग कागदावर लिहायला एवढा वेळ कशाला लागतोय?"

सकाळी वस्तादांनी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. इंजिन, उत्तम. चढ, उत्तम. पाण्यातून जाणं, उत्तम. चालवायला अशी गाडी मी आयुष्यात पाहिली नाही, असंही लिहिलं होतं, कारण ते खरं होतं. आणि खाली, ठळक अक्षरांत: 'मागे झोपून पाहिलं. रुग्ण नेण्यास योग्य नाही. स्प्रिंगा आणि स्ट्रेचरची जागा बदलल्याशिवाय घेऊ नये. पुढची चाचणी घेणाऱ्याने आधी मागे झोपावं.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "म्हणजे तुमच्या हातून काही ती चालायची नाही, वस्ताद."

"चालली की काल. अठरा मिनिटं."

मग त्यांनी शेडमध्ये सगळ्या ड्रायव्हरांना गोळा केलं आणि काय झालं ते सांगितलं, बायकोच्या पायासकट. कुणी हसलं नाही. जुन्या गाडीच्या स्ट्रेचरवर आजपासून प्रत्येकाने एकदा झोपायचं, आणि काच वाजली की आधी गाडी थांबवायची. चेला खाली बघत पायाने माती उकरत होता. त्याच्या मनात कोण कोण येत होतं कुणास ठाऊक. पंचवीस वर्षांत त्यानेही पुष्कळ टकटकी ऐकल्या होत्या. वस्तादांनी सिस्टरकडे पाहून हात जोडले. सिस्टर म्हणाल्या, "पुरे आता, कामाला लागा."

काम लागलंच. दहाच्या सुमाराला वरच्या वस्तीवरून निरोप आला: एक म्हातारा मेंढपाळ कड्यावरून घसरलाय, मांडी मोडलीय. वस्ताद जुनी गाडी घेऊन गेले. पेला सवयीने भरून डॅशबोर्डवर बसला होता. तो काढून टाकायचं कुणालाच सुचलं नव्हतं. येताना वळशाच्या रस्त्याने त्यांनी गाडी अशी आणली की मागून येणाऱ्या बैलगाडीनेही भोंगा वाजवला असता. प्रत्येक खड्ड्यापाशी ते थांबत, मागचं चाक उतरेपर्यंत पुढचं धरून ठेवत.

अर्ध्या वाटेत काच वाजली.

वस्तादांचा उजवा पाय आपोआप खाली गेला. सदतीस वर्षांचा पाय तो. त्यांनी तो उचलला, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. उतरून ते मागे गेले आणि दार उघडलं.

"काय झालं, आजोबा?"

म्हाताऱ्याचे ओठ नुसतेच हलले.

"घसा कोरडा पडलाय त्यांचा," सिस्टर म्हणाल्या. "माझी बाटली घाईत शेडमध्ये राहिली. ऑपरेशन व्हायचंय, प्यायला द्यायचं नाही, पण ओठ ओले केले तर चालेल. पाणी आहे?"

वस्ताद पुढे गेले, खोबणीतून पेला उचलला आणि दोन्ही हातांनी धरून मागे आणला. सिस्टरनी त्यात कापूस बुडवला. बराचसा पेला वाकलेल्या वस्तादांच्या हातांतून स्ट्रेचरच्या चादरीवर सांडला, आणि त्यांनी तो सांडू दिला.